ठोकून पाहताना

लेओपोल्दिना म्हणाली, घाई नाही,
पण खरं सांगा.
ही दोन्ही एकदम मागणारी गिऱ्हाइकं
मी चाळीस वर्षं ओळखून आहे,
म्हणून आधी टोपी काढली,
मग हातोडी.

निलगिरीचं रान पेटलं ते सप्टेंबरात.
शेडला कुलूप होतं,
किल्ली तिच्याकडे, लिस्बनला.
आत मर्सिडीज, एकशेऐंशी डिझेल, सत्तावन्नची,
एव्हारिस्तुची टॅक्सी.
काळं अंग, हिरवं डोकं,
त्या काळी सगळ्या टॅक्सींचं असायचं तसं.
तो गेल्यावर नऊ वर्षं राखलेली गाडी;
त्या शब्दातला निम्मा भाग
जमिनीवर इंचभर जाड पसरला होता.

छप्पर मधोमध बसलंय,
मक्याची भाकरी तव्यावरून लवकर काढली की बसते तसं.
काचा ओघळून डॅशबोर्डवर थिजल्यात.
मीटरचा झालाय एक थेंब, अंगठ्याएवढा,
शेवटचं भाडं असेल त्यातच.
सीटच्या स्प्रिंगा उभ्या दिसतात,
पण दाबल्या की दबतात
आणि दबूनच राहतात.
पोलादाचा ताव उतरला की असंच.
माणसाचंही, असं म्हणणार होतो;
गिळलं.

मग ठोकत निघालो.
चांगला पत्रा बोलतो.
भाजलेला नुसता हं म्हणतो.
उजवा मडगार्ड: हं.
बॉनेट: हं.
डिकी तर तेवढंही नाही.
मागचं डावं दार दगडी भिंतीला टेकून होतं,
ते चक्क बोललं.
मी पुन्हा ठोकलं. पुन्हा बोललं.
लेओपोल्दिना शेडच्या बाहेर पाठमोरी उभी होती,
तिनं मान वळवली.

हिशेब सिगारेटच्या पाकिटावर मांडला.
छप्पर दुसऱ्या गाडीचं कापून आणायचं,
पोर्तोला एक मोडीत निघालीय.
वायरिंग सगळं. काचा सगळ्या.
खालच्या सांगाड्याचं मी बोलतच नाही,
तो आधी मापावर चढवावा लागेल.
एवढ्यात दोन येतील, चालत्या, रेडिओसकट.
हातचं राखून सांगतोय असं वाटू नये
म्हणून पाकीटच तिच्या हातात दिलं.

तिनं ते वाचलं नाही.
म्हणाली, अर्धं गाव हिच्यातून स्टेशनला गेलं,
तिथून फ्रान्सला.
बाबा येताना रिकामे यायचे
आणि मीटर चालू ठेवायचे.
विसरून?
नाही. मुद्दाम.
भाडं कोण द्यायचं मग?
तेच. रात्री, या खिशातून काढून
बिस्किटांच्या डब्यात.
डबा माझ्याकडे आहे.
भरलेला आहे.
आता त्या एस्कुदोंना बँकही हात लावत नाही.

यावर पत्र्याच्या कारागिरानं काय म्हणायचं?
मी त्या बोलणाऱ्या दाराशी गेलो,
चौकटीवरचं जळकं रबर नखानं सोललं.
ते जळता जळता खालचं झाकून गेलं होतं.
नखाएवढा हिरवा.
ओला वाटावा इतका.
तिला दाखवायचा की नाही
यावर मी जरा जास्तच वेळ रबर सोलत बसलो.
शेवटी तीच वाकली.

इंजिन बिडाचं. बीड सहजी मरत नाही.
चारही भोकांत तेल सोडलं,
म्हटलं, आठ दिवस हिला कुणी हात लावू नका.
नवव्या दिवशी आलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता,
शेडला छप्पर नव्हतं,
ती छत्री धरून गाडीवर उभी, स्वतः भिजत.
मोठा पाना क्रँकच्या नटावर बसवला,
भार टाकला.
काही नाही.
पुन्हा टाकला, गुडघा टेकून.
काही नाही.
मग कुठेतरी आत
घसा खाकरल्यासारखं झालं
आणि पाना एक बोट खाली आला.

एकच बोट. त्यापुढे अडलं.

मी हो म्हटलं नाही.
मोडीत घाला, असंही नाही.
पाना तसाच नटावर ठेवला,
दांडा वर करून,
उद्या अंधारात आलो तरी
हाताला लागावा म्हणून.